एका सकाळी एक मोती

"आधी पांढरे व्हा, मग बोला."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांच्या दारात कोणीही आले, की हे वाक्य ठरलेले असे. पाठोपाठ ते खुंटीवरची पांढरी चादर काढत आणि न्हावी गुंडाळतो तशी आलेल्या माणसाच्या गळ्याभोवती नीट गुंडाळून देत. फक्त डोके तेवढे बाहेर. मग तो सराफ्यातला मोठा जवाहिऱ्या असो की सासूबरोबर आलेली नवी नवरी. एकदा तर विजेचे मीटर बघायला आलेला माणूसही चादर पांघरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिला होता. आपल्याला का बसवले आहे, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. आणि हा मोती दाखवायला आलेला नाही, हे काकांच्या लक्षात आले नाही.

ईरा, निनाद, तुम्ही त्यांना पाहिले आहे. मी खालून व्हिडिओ कॉल लावला की माझ्या मागे एक टक्कल चमकायचे आणि निनाद विचारायचा, "आजी, तुझ्या मागे तो बल्ब कसला आहे?" तोच तो बल्ब. त्याच्या खाली एक माणूसही होता. तो कसा होता ते तुम्हाला माहीत असावे, म्हणून हे लिहायला घेतले आहे. तुमची आई वाचून दाखवील. पण मधली वाक्ये गाळू नकोस म्हणावे तिला.

काकांचे काम मोती पारखण्याचे. त्यातही काळसर मोती.

इंदुरात पूर्वी काळ्या मोत्याला कोणी हात लावत नसे. आपल्या घरातली नथ, तन्मणी, चिंचपेटी काढून बघा, सगळीकडे पांढरा नाहीतर हलका गुलाबी मोती. काळा मोती म्हणजे शनीचा माल, असे सराफ्यातले जुने लोक म्हणत आणि पुडी शेजाऱ्याकडे सरकवत. सरकत सरकत ती पेढीवर नव्याने लागलेल्या काकांपाशी येऊन थांबे. जे कोणाला बघायचे नव्हते ते बघत बघत काकांचा डोळा तयार झाला. पुढे दक्षिणेच्या समुद्रातले काळ्या शिंपल्यांचे मोती फॅशनमध्ये आले, तेव्हा अख्ख्या सराफ्यात ते ओळखणारा हा एकच माणूस निघाला.

कोणी "काळा मोती आणलाय" म्हटले की त्यांना राग येई.

"काळा म्हणू नका, भिया. काळी छत्री असते. मोती कोणता काळा, ते बोला."

आणि मग ते स्वतःच सांगत. हा भिजलेल्या पाटीसारखा. हा मोराच्या मानेसारखा. हा वांग्यासारखा, तोही देठाजवळच्या वांग्यासारखा. हा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवले. रंगांची पुष्कळ विशेषणे मुलांकडून पाठ करून घेतली. पण पेट्रोल कोणाकडून पाठ करून घ्यायचे मला कधी सुचले नाही.

चादरीचे कारण तुम्ही ओळखले असेल. चांगला काळा मोती आरशासारखा असतो. त्याच्यासमोर लाल साडी नेसून बसले तर मोत्यात लाल दिसते, हिरवा शर्ट घालून बसले तर हिरवे. हिरवी झाक असली की किंमत वाढते, म्हणून काही हुशार दलाल मुद्दाम हिरवा शर्ट घालून येत. महूहून एकदा एका लष्करी अधिकाऱ्याची बायको आली होती. भगव्या रंगाचा कडक कुर्ता, ओठही त्याच रंगाचे. काकांनी चादर गुंडाळली, मोती उचलला, ठेवला, परत उचलला. शेवटी हात जोडून म्हणाले, "मॅडमजी, जरा तोंडावर पण घेता का?" ती बिचारी चादरीत तोंड लपवून बसली आणि आतून म्हणाली, "अंकल, मेरे हसबंड को यह मत बताइएगा."

ते स्वतः कायम पांढऱ्या कपड्यांत. नवे भाडेकरू त्यांना आधी पुढारी समजत, मग घरात कोणी गेले आहे असे समजत.

दुसरी समजूतही अगदी चूक नव्हती. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. भोपाळला एक पुतण्या.

त्यांच्या कामाची जागा म्हणजे मागची गॅलरी. तिथे उत्तरेचा उजेड येतो. सकाळी कचरागाडी गाणे वाजवत गल्लीतून पुढे गेली, की ते खुर्ची मांडत. समोरच्या बंगल्याची भिंत गुलाबी आहे. तिच्यावर ऊन चढले की गॅलरीत गुलाबी उजेड पसरे आणि ते मोती पुडीत टाकून म्हणत, "बस. आता भिंत बोलायला लागली." एकदा त्यांनी त्या बंगलेवाल्यांना भिंत स्वतःच्या खर्चाने पांढरी करून देतो म्हटले. मालकीणबाई म्हणाल्या, "भाईसाहब, आम्ही तुमच्या मोत्यांना काही म्हणतो का?"

कचरागाडी आणि गुलाबी भिंत, ह्यांच्यामधला तो थोडा वेळ, एवढाच त्यांचा धंद्याचा वेळ.

एखादा मोती खोटा निघाला तर "नकली" हा शब्द ते वापरत नसत. रासायनिक रंग चढवलेला मोती असला की म्हणत, "ह्याचा रंग शिकवलेला आहे." आणि खरा असला की, "ह्याचा जन्माचा आहे." शिकवलेला रंग ओळखायचा कसा? तो सगळीकडे सारखा असतो, एखाद्या पाठांतर करून आलेल्या मुलासारखा. आणि जिथे मोत्याला भोक पाडलेले असते तिथे तो जास्त गडद साचतो. जन्माचा रंग सारखा नसतोच. एका बाजूने जांभळा वाटतो आणि वळवला की हिरवा होतो.

मी एकदा म्हटले, "भाऊजी, म्हणजे माझे इंग्रजी शिकवलेले म्हणायचे."

"हो ना, वहिनीजी. पण मुरलेलं आहे. भोकापाशी साचलेलं दिसत नाही."

हे कौतुक होते, असे मी आजही धरून चालते.

मग हळूहळू त्यांच्याकडे लोकांचे येणे-जाणे थांबले. सराफ्यात यंत्रे आली, प्रयोगशाळेची प्रमाणपत्रे आली. जुन्या पेढीवरची नवी मुले फोनवर फोटो पाठवू लागली. एकाने तर समोर बसूनच फोटो दाखवला, मोती दुकानातच ठेवून आला होता.

"काकाजी, बस एक नजर."

"फोटोत मोती कुठं असतो रे? फोटोत फोन असतो."

तो हसला आणि गेला. परत आला नाही. काका मात्र रोज कचरागाडी गेल्यावर खुर्ची मांडत. शेजारी पाहुण्याची दुसरी. मी वरच्या गॅलरीतून कपडे वाळत घालताना बघत असे. भिंत गुलाबी झाली की दोन्ही खुर्च्या उचलून ते आत जात.

तुमचे आजोबा गेले त्या पावसाळ्यानंतरची ही गोष्ट आहे. मी तेव्हा खाली उतरत नसे. भाजी वरून दोरीला टोपली बांधून घेत असे. दूधवाला वर येई. गुडघे दुखतात, असे मी सगळ्यांना सांगितले होते. ते दुखतही होते.

दिवाळीच्या सुमाराला तुमच्या बाबांनी ती माळ पाठवली. काळसर मोत्यांची, मध्ये मोठे आणि कडेला लहान होत गेलेले. तुमच्या तिकडे जुन्या दागिन्यांच्या कुठल्या लिलावात त्याने ती माझ्यासाठी घेतली. फोनवर म्हणाला, "आई, सुंदर आहे ना? पण मी फसलो तर नाही ना, एवढं जरा खालच्या काकांना विचार."

मी नीटनेटकी बाई. पार्सल आल्याबरोबर मी माळ प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवली आणि दमट होऊ नये म्हणून औषधाच्या बाटल्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या दोन पुड्या आत घातल्या. पिशवीवर तारीख लिहिली. मग पार्सलच्या खोक्यासकट सगळे घेऊन, कठडा धरत, जिना उतरले.

काकांनी पिशवी उजेडात धरली. आतल्या पुड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी एखादे तान्हे मूल पेटीत बंद करून आणले आहे.

"वहिनीजी, ह्याला तहान लागते. शिंपल्यातून आलेला आहे तो. पाण्यातला जीव. त्याला तुम्ही वाळवून राहिल्या?"

त्यांनी माळ काढून ओलसर मलमलीवर ठेवली. मला पांढरे केले. मग ती पूर्ण माळ एकदा हातावर घेऊन बघितली, एवढ्या थोड्या वेळात, की मला वाटले अजून सुरुवात व्हायची आहे.

"मग? अस्सल आहे का?"

"असं कसं सांगू एकदम? एकेकाची ओळख करावी लागेल. काळ्या मोत्याचं असं असतं, की एक नीट बघितला ना, डोळा उष्टा होतो. मग दुसरा चांगला पण पहिल्यासारखाच दिसतो. एका सकाळी एक. चालेल?"

"आणि किंमत?"

"किंमत शेवटी."

त्यांनी कात्री घेतली, माळेच्या एका टोकाची गाठ कापली, एक मोती सोडवला आणि बाकीची माळ मला परत दिली. "उद्या या."

अशी ती सुरुवात झाली.

रोज सकाळी मी खाली उतरे. काका आधीपासून बसलेले असत. थंडीत त्या गॅलरीत उत्तरेचा वारा थेट येतो. ते कानाला मफलर बांधून, शेजारी तांदळाची ताटली घेऊन बसत. मोती बघण्याआधी ते त्या कोरड्या तांदळाकडे टक लावून पाहत, डोळा धुऊन घ्यायला. त्या वेळी बोललेले चालत नसे. मग मोती चिनी मातीच्या बशीत सोडत. सरळ घरंगळला तर गोल, नाचला तर कुठे तरी अंगाने बसका. मग बोटांत धरून हळूहळू वळवत. गॅलरीचे गज मोत्यात रेघेसारखे स्वच्छ दिसले तर पाणी चांगले, धुरकट दिसले तर कमी.

शेवटची परीक्षा दातांची. खरा मोती पुढच्या दातावर घासला तर बारीक रवा लागल्यासारखा लागतो, काच किंवा प्लॅस्टिक असेल तर गुळगुळीत. पहिल्या दिवशी त्यांनी मोती तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"वहिनीजी, तुमचे दात जन्माचे आहेत ना?"

"म्हणजे काय?"

"माझे शिकवलेले आहेत," असे म्हणून त्यांनी कवळी थोडी हलवून दाखवली. "ह्यांच्यावर काय कळतंय? तुम्ही घासा."

मी आयुष्यात दुसऱ्याच्या चमच्याने चहा ढवळला नाही. पण त्या सकाळी मी चादर गुंडाळून, समोरच्या बंगल्याच्या मालकीणबाई बघत असताना, दातावर मोती घासला.

"काय लागलं?"

"रवा."

"जाड की बारीक?"

"भाऊजी, मला उपमा करायचा नाहीये."

ते इतके हसले की ताटलीतले तांदूळ सांडले. त्या गॅलरीतून हसण्याचा आवाज फार दिवसांनी आला असावा, कारण मालकीणबाई आतून नवऱ्याला बोलावून घेऊन आल्या.

निकाल लागला की मी प्रत्येक मोत्याची वेगळी पुडी करून वर त्यांचे शब्द लिहीत असे. "जांभूळ. पाणी चांगले. एका बाजूला लहानसा खड्डा, पण दडपण घेत नाही." "पाटी. साधा. घरातल्या मोठ्या मुलीसारखा." "मोर. हा आला तर बाकीच्यांनी उठून जागा द्यावी." मग चहा. चहाबरोबर शेव, कारण इंदुरात शेवेवाचून काहीच पुरे होत नाही. मग भिंत बोलायला लागे आणि मी वर येई.

आता खरे सांगण्यासारखे आहे ते सांगते. आठवड्याभरात माझ्या लक्षात आले, की त्या घराची घंटा माझ्याशिवाय कोणीच वाजवत नाही. मी एखाद्या दिवशी उशिरा गेले तर ते दारातच उभे असत आणि मी दिसल्याबरोबर घाईने आत जाऊन बसत, जणू कामातच होते. माळ रोज एका मोत्याने आखूड होत होती. ती संपली, की मी कशासाठी उतरणार? आणि मी उतरले नाही, तर ती दुसरी खुर्ची कोणासाठी मांडायची? मला त्या माळेच्या लांबीची काळजी वाटू लागली. सकाळी ती मोजत नसे, पण हातात घेतली की कळे.

मग मी वेळ काढू लागले. आज गुडघा दुखतो, आज एकादशी, आज आभाळ आहे. पण गेले नाही त्या दिवशी सकाळ फारच मोठी होई, म्हणून तो उपाय सोडला. नंतर एक दिवस मी लबाडी केली. माळ वरच ठेवली आणि आधी बघून झालेला एक मोती पुडीतून काढून घेऊन गेले. "आज मीच सोडवून आणला," असे म्हटले.

काकांनी तांदळाकडे पाहिले. मोती बशीत सोडला. बोटात धरून अर्धा वळवला आणि थांबले.

"वहिनीजी, हे गृहस्थ मागच्या आठवड्यात भेटून गेले."

चादरीत माझे हात होते ते बरे.

त्यांनी मोती परत उजेडात धरला. "पण त्या दिवशी ढग होते," ते म्हणाले. "आज परत बघू. माणूस दुसऱ्या वेळी वेगळा वाटतो." आणि त्यांनी त्याची पहिल्यापासून सगळी परीक्षा केली. माझ्याकडून दातावरही घासून घेतला.

होळीपर्यंत असे चालले, मधूनमधून जुनाच मोती पुन्हा बघायला येई. त्या मधल्या काळात मला त्यांच्याबद्दल पुष्कळ कळले, आणि त्यांनी मला फारसे काही विचारले नाही. एकदाच म्हणाले, "साहेब माझ्याकडं चादर पांघरायचे नाहीत. म्हणायचे, तुमच्या मोत्याला मी जसा आहे तसाच दिसू द्या." तुमचे आजोबा त्यांच्याकडे जात असत, हे मला ठाऊकच नव्हते. मी विचारले, कशाला येत? काका म्हणाले, "असेच. तुम्ही कॉलेजात असायच्या तेव्हा." त्या दिवशी मी चहा न घेता वर आले. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा घेतला.

उन्हाळा लागला तसा त्यांचा खोकला वाढला. खोकल्याने मोती हातात हले. मोती ठेवून ते गुडघ्यांवर तळवे टेकून बसत आणि म्हणत, "थांबा. तो नाही हलत, मी हलतोय." भोपाळहून पुतण्या आला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काकूजी, थोडे दिवस घेऊन जातो. तिकडे मोठं हॉस्पिटल आहे."

काका निघाले तेव्हा मी खाली गेले. एक पिशवी, एक छत्री. माळेचा शेवटचा तुकडा मी आदल्या सकाळी विसरल्यामुळे त्यांच्याकडेच राहिला होता. थोडेसे मोती, अजून जुन्या धाग्यात, जुन्या गाठींत. तो त्यांनी मलमलीत बांधून माझ्या हातात दिला.

"ह्यांची ओळख राहिली. आल्यावर बघू. तोवर मलमल कोरडी पडू देऊ नका."

"आणि किंमत?"

"अहो, किंमत शेवटी."

पुतण्याने गाडीचे दार लावले. काकांनी काच खाली केली, माझ्याकडे नाही, समोरच्या गुलाबी भिंतीकडे बघितले आणि काच वर केली.

पाऊस सुरू व्हायच्या आधी पुतण्याचा फोन आला. मी "हो" म्हटले, "बरं" म्हटले, आणखी काय म्हटले ते आठवत नाही. नंतर तो एकदा येऊन सामान घेऊन गेला. आता तळमजल्यावर एक तरुण जोडपे राहते. दोघेही कंपनीत जातात. मागच्या गॅलरीत त्यांनी वॉशिंग मशिन ठेवले आहे.

त्यानंतरच्या एका रविवारी तुमच्या बाबांचा नेहमीसारखा फोन आला. मी त्याला म्हटले, "अरे, माळेचे काम अर्धवट राहिले. किंमत त्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाही. तू फसलास की नाही ते आता दुसऱ्या कोणाला विचारावे लागेल."

तो म्हणाला, "आई, काकांनी मला सांगितलं होतं."

"काय?"

"सगळं. तू माळ घेऊन गेलीस ना, त्याच दिवशी. पार्सलवर माझा नंबर होता, त्यावर त्यांनी दुपारी फोन केला. म्हणाले, अस्सल आहे, रंग जन्माचा आहे, आणि मी दिले त्याहून जास्त किमतीची आहे."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, सांगू नको. म्हणाले, तुझी आई पावसाळ्यापासून जिना उतरली नाहीये. आज उतरली. रोज एक मोती बघायला उतरेल."

मी फोन ठेवला. आधी मला राग आला, हे लपवत नाही. ह्या वयात आपल्याला कोणी असे वागवावे, आणि आपल्या मुलाने त्यात सामील असावे! मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. ते करताना मला थंडीतल्या त्या सकाळी आठवल्या. मफलर, वारा, आणि माझ्या आधी येऊन बसलेला तो माणूस. ज्या सकाळी त्यांना खोकल्याने बोलता येत नसे, त्याही सकाळी खुर्ची मांडलेली होती. मी जिना उतरताना मनात म्हणत असे, चला, बिचाऱ्यांना तेवढीच सोबत. ते खुर्ची मांडताना काय म्हणत असतील, ते मी इतके दिवस ऐकलेच नव्हते. त्यांच्याकडे कोणी येत नव्हते हेही काही खोटे नव्हते. दोन्ही खरे होते, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना त्यातले काहीच सांगितले नाही.

परवा मी सराफ्यात गेले. एकटी, ई-रिक्षाने. माळ ओवणाऱ्या पटव्याचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. तो पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून बसला होता. मी सगळ्या पुड्या त्याच्यासमोर ओळीने मांडल्या. त्याने त्या उघडून मोती ताटात ओतले आणि ताट हलवून बघितले.

"माँजी, माल तो एक नंबर है. बेचना है?"

"नाही. ईरासाठी आहे. माझी नात."

मलमलीतला तुकडा त्याला दिसला. "ये भी खोल दूँ? नहीं तो माला छोटी पड़ेगी."

"छोटीच करा. हे नका घेऊ."

"क्यों, इसमें कुछ खोट है?"

"खोट नाही. हे बघायचे राहिलेत."

"तो दिखा लो किसी को," तो सहज म्हणाला आणि कामाला लागला.

मी तो तुकडा मुठीत धरून समोरच्या पायरीवर बसले. पटवा मोती निवडू लागला. मोठे मध्ये, लहान कडेला, रंगाला रंग लावून, त्याच्या हाताला बरोबर वाटेल तसे. पुड्यांचा क्रम त्याने केव्हाच मोडला होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या सकाळचा मोती होळीच्या आदल्या सकाळच्या मोत्याला लागून बसला, त्याने मध्ये गाठ मारली आणि रेशीम ओढून घट्ट केले. मी पाण्याची बाटली काढून मलमल ओली केली.